सुटलेल्या बायांचीही नोंद ठेवा

अकोल्याकडच्या एका गावात गटाची बैठक संपली, तेव्हा एका आजीनं मला थांबवलं. म्हणाली, "ताई, गटानं बाईचं भलं होते म्हंता, पण हे कोणी मोजून पाह्यलं काय?"

आजी, पाहिलं आहे. कॅम्पबेल ही आंतरराष्ट्रीय संस्था एका विषयावरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासते. २०१५ साली तिनं आपल्यासारख्या गटांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आकडेवारीचे २३ आणि बायांचं म्हणणं ऐकून केलेले ११ अभ्यास होते. पैशाचे व्यवहार, घराबाहेर जाणं-येणं, मुलं किती हवीत हा निर्णय, यांत गटाचा फायदा दिसला. मानसिक बळ वाढल्याचा पुरावा मात्र आकड्यांत सापडला नाही. आणि सगळ्यात गरीब बाई गटात कमी येते, हेही त्यात लिहिलं आहे.

न आवडणारी गोष्टही लिहिली, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो. असा आढावा कसा लिहावा, याची 'प्रिझ्मा' नावाची नियमावली आहे. ती २००९ साली आली, २०२० ची सुधारित आवृत्तीही आहे. तिच्यात २७ मुद्दे आहेत. अभ्यास कुठं शोधले, किती सापडले, किती वगळले आणि का वगळले, हे सगळं उघड सांगायचं. नाहीतर सोयीचे तेवढे अभ्यास घ्यायचे अन् "सगळं पाहिलं" म्हणायचं, असं होतं.

मी तरी वेगळं काय केलं? एका वर्षी अहवालात चालू गटांच्या यशोगाथा लिहिल्या, बंद पडलेले दोन गट लिहिलेच नाहीत. त्यातल्या एका बाईला उन्हाळ्यात मजुरी नव्हती, महिन्याची बचत निघत नव्हती. तिचं नावच कागदावर नाही, तर तिच्यासाठी नियम कोण बदलणार?

म्हणून एक विनंती. गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. कोण सुटली, कधी सुटली, का सुटली, ते लिहा आणि बैठकीत वाचून दाखवा. आणि बियाणं असो की औषध, कोणी "संशोधनात सिद्ध झालं" म्हणालं, तर त्या आजीसारखं विचारा: किती अभ्यास पाहिले, कोणते सोडले, अन् काहून सोडले?