खेळ संपल्यावर उठू नका

आयटीआयचे निदेशक आणि कारखान्यांतले सुपरवायझर ऐकत असतील, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. कामगारांना खेळातून शिकवायचं ठरलं, की आपण आधी संगणकांची कोटेशनं मागवतो. मग वीज जाते, नाहीतर पासवर्ड ठाऊक असलेल्या गृहस्थांची बदली होते!

अहो, 1960च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने ‘बिअर गेम’ तयार केला, तो टेबलावर मांडायचा साधा पट होता. आपण बिअरऐवजी साबण म्हणू. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना, अशा चार जागा. आपसांत बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल उशिराने येतो. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 पेट्यांवरून 8 वर जाते, एकदाच, आणि तिथेच राहते. तरी धास्तीने जो तो जादा मागवतो. कारखान्यापर्यंत त्याचा डोंगर होतो आणि मग माल पडून राहतो. याला चिंचोके आणि कागद पुरतात. चिंचोका हरवला तर दुसरा घ्या, कंपनीचा माणूस यायची वाट बघायला नको. अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी 1973मध्ये ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या पुस्तकात अशाच आटोपशीर तंत्राची बाजू मांडली होती.

पण माझा मुद्दा चिंचोक्यांचा नाही, खेळानंतरच्या बोलण्याचा आहे. ताक घुसळलं की लोणी वर येतं, रवी लाकडी असो की विजेची. पण ते काढायला कुणीतरी बसावं लागतं. उन्हाळ्यात तर गार पाणी घातल्याशिवाय त्याचा गोळाच होत नाही. खेळ संपतो तेव्हा मंडळी तापलेली असतात. दुकानदार व्यापाऱ्यावर खापर फोडतो, कारखाना गिऱ्हाइकावर. त्या वेळी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या उघडून दाखवायच्या, हेच ते गार पाणी. मागणी एकदाच वाढली होती हे दिसलं, की सगळे गप्प होतात. आता विचारा, ‘आपल्या स्टोअरमध्ये असं कधी झालं होतं?’

पुन्हा सांगतो, कारण हे हटकून राहतं: टाळ्या वाजवून, चहा पाजून माणसं घरी पाठवली, तर लोणी ताकातच राहिलं. महागड्या वेल्डिंग सिम्युलेटरचंही तेच. त्यात रॉड आणि पत्रा वाचतो हे खरं, पण टाका का बिघडला हे निदेशकाने... असो, समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे.

निदेशक मंडळी, पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात खेळाला तासभर दिला असेल, तर त्याखाली चर्चेचा अर्धा तास आजच लिहून ठेवा.