ज्वर ओसरल्यानंतरचा धोका



विषाणूजन्य तापाने माणूस दगावला म्हणजे विषाणूने त्याचा बळी घेतला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे अर्धेच सत्य होय. फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती व अकोला या जिल्ह्यांत कोविडच्या रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली. गंभीर रुग्णांच्या आजाराचा क्रम त्या काळात बहुधा सारखाच असे. पहिले काही दिवस ताप, खोकला, अंगदुखी. आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एकाएकी धाप. विषाणूचा जोर ओसरत असतानाच प्रकृती ढासळावी, हे कोडे समजून घेण्याजोगे आहे.

विषाणूने पेशीत प्रवेश केला की ती पेशी रासायनिक संदेश पाठविते. या संदेशद्रव्यांना ‘सायटोकाइन’ म्हणतात. त्यांच्या हाकेसरशी पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि त्या जागी दाह निर्माण होतो. मर्यादेत असेल तोवर हा दाह उपकारकच असतो. काही रुग्णांत मात्र हे संदेश थांबत नाहीत. मग फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साचतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि रक्तातील प्राणवायू घटतो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागावी आणि ती विझल्यावरही पाण्याचा मारा सुरूच राहून उरलेला कापूस भिजून जावा, तसाच हा प्रकार. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने वऱ्हाडातही हाहाकार उडविला होता. त्या साथीत ऐन तारुण्यातील माणसे मोठ्या संख्येने गेली. त्यामागे जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाबरोबरच असा अतिरेकी दाहही असावा, असे अनेक संशोधक मानतात.

उपचाराची खरी कसोटी येथेच लागते. जून २०२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड सुमारे २,१०० रुग्णांना देऊन त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्या सुमारे ४,३०० रुग्णांशी करण्यात आली होती. व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायू लागणाऱ्यांतील एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. कारण उघड आहे. आग भडकलेली असताना पाणी तोडले तर गंजी जळणारच. औषध तेच, पण सातव्या-आठव्या दिवशी, प्राणवायू घटल्यावर ते जीव वाचविते आणि दुसऱ्या दिवशी घरच्या घरी घेतले तर प्रतिकारशक्तीच दडपून टाकते. २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’, फैलावली. तिच्या कारणांत स्टिरॉइडचा अवाजवी वापर हे एक प्रमुख कारण होते.

म्हणूनच गावपातळीवर औषधाच्या नावापेक्षा आजाराचा दिवस आणि प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद अधिक मोलाची ठरते. १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन गेली, ती याच हेतूने. बोटाला लावायचे ते लहानसे यंत्र काहींना खेळणे वाटले असेल. पण धाप जाणवण्यापूर्वीच प्राणवायू घटल्याचे ते दाखवीत असे.

डेंग्यूतही धोक्याची घडी उशिराच येते, परंतु तेथील उपाय निराळा आहे. या रोगाचे चार प्रकारचे विषाणू आहेत. एकदा होऊन गेलेल्या माणसास दुसऱ्या प्रकाराची बाधा झाली, तर आधीची प्रतिकारद्रव्येच कधी कधी विषाणूच्या पथ्यावर पडतात. साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असताना, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब घसरतो. येथे स्टिरॉइडचा उपयोग सिद्ध झालेला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात दिलेले सलाइन हाच आधार. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरलेल्या मुलास शाळेत पाठविण्याची घाई पुष्कळ पालक करतात. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता वा ग्लानी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, अंग गार लागत असले तरी, त्या मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.