ज्ञानदान आणि खेड्यातील गणित-शिक्षक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. त्यांतील शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. आजच्या मंगल प्रसंगी या दानाचा एक उपेक्षित मार्ग समाजापुढे ठेवणे उचित ठरेल. तो मार्ग खेड्यातील गणित-शिक्षकापर्यंत जातो.

गणित जैनांना परके नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे आचार्यांनी लिहिले. आजचे गणित ते मानीत नाही. एवढ्या थोर गणितज्ञालाही शून्याने चकविले, तर पाचवीतील बालकाची काय कथा!

३०६ ला ३ ने भागा म्हटले की अनेक मुले १२ लिहितात. तेथे नुसती लाल रेघ मारून काय साधणार? तीन शतके तिघांत वाटली, दशकाच्या घरात वाटण्यास काही उरले नाही, म्हणून तेथे शून्य, उत्तर १०२. काड्यांचे गठ्ठे हाती देऊन हे उमगविणारा शिक्षक हवा. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील केवळ ३०.७ टक्के मुलांना भागाकार करता आला.

असे जाणते शिक्षक खेड्यांत नाहीत असे नव्हे; परंतु ते एकाकी आहेत. दोनशिक्षकी शाळेतील शिक्षक शेजारच्या गावी सहकाऱ्यास साहाय्य करण्यास गेला, तर त्याचे स्वतःचे वर्ग ओस पडतात. एस.टी.चे भाडे आणि साहित्याचा खर्च बहुधा त्याच्याच खिशातून जातो. अखेर त्याचे कौशल्य त्याच्याच चार भिंतींत राहते आणि त्याच्या बदलीबरोबर गावातून निघून जाते.

कुंभोजच्या जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्यास १९४० साली त्यांनी हायस्कूल काढले. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९३५ सालीच, तेथे अध्यापक विद्यालय उभे केले होते. हा क्रम मनन करण्याजोगा आहे.

वह्यावाटप व्हावे, गुणवंतांचा सत्कारही व्हावा. त्याचबरोबर ट्रस्टने एक केंद्र निवडावे. शिक्षण खात्याच्या संमतीने तेथील एका जाणत्या गणित-शिक्षकास दर आठवड्याला एक दिवस इतर शाळांसाठी मोकळा करावा. त्या दिवशी त्याचे वर्ग सांभाळणाऱ्या स्थानिक पदवीधराचे मानधन, प्रवासखर्च आणि साहित्य ट्रस्टने द्यावे. त्याने सहकाऱ्यांच्या वर्गात बसावे, मुलांच्या चुका एकत्र तपासाव्यात, पण तपासनीस होऊ नये. हे निदान तीन वर्षे चालावे. एका वर्षाच्या निकालावरून त्याचे माप काढू नये.

या दानावर नावाची फरशी बसणार नाही. परंतु करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींत पुण्य आहे, अशी धर्माची शिकवण आहे. शिक्षक करील, समाजाने करवावे आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांनी मनःपूर्वक अनुमोदना द्यावी.

जय जिनेंद्र!