पडद्यामागचे हात
(गणेशोत्सवातील नाट्यप्रयोगापूर्वी केलेले भाषण)



गाडी वेळेवर पोहोचली की नाव ड्रायव्हरचे होते. रात्रभर रूळ तपासत चालणारा पेट्रोलमन कोणाला आठवत नाही. चित्रपटाचेही तसेच आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यामागे मोठी कंपनी नव्हती. दादरचे बिऱ्हाड हाच कारखाना. विमा पॉलिसी गहाण ठेवून दादासाहेबांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. फिल्मच्या कडेची भोके अंधारात, एकसारख्या अंतरावर पाडावी लागत. अंतर चुकले की पडद्यावर चित्र थरथरणार! आपल्याला गेजचे महत्त्व सांगायला नको. हे काम पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके उभे राहिले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

आपल्याकडे नाटकात भूमिका करायला मुले हौसेने येतात. पडदा ओढायला आणि लाइट सांभाळायला मात्र दरवर्षी तीच दोन-तीन माणसे. ती रिटायर होऊन गावी गेली की पडदा उघडणार कोण? म्हणून विनंती, त्यांची नावे पत्रिकेत कलाकारांच्या बरोबरीने छापा आणि आपल्या घरातला एक मुलगा किंवा मुलगी त्यांच्या हाताखाली द्या.

गणपती बाप्पा मोरया!