निळा गणवेश आणि तीन वर्षे



राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात नाव नोंदविणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असते : आपण विमान चालवीत आहोत. प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने त्यांच्या वाट्याला येते ते कवायतीचे मैदान, बुटांचे पॉलिश आणि ‘सावधान-विश्राम’. अनेकांची गळती इथेच सुरू होते. घरची मंडळीही विचारतात, ‘‘विमान कुठे आहे?’’

प्रश्न रास्त आहे. पं. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९४८ मध्ये छात्रसेना कायद्याने अस्तित्वात आली आणि १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे एकेक स्क्वाड्रन उभारून तिचा हवाई विभाग सुरू झाला. महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे. मायक्रोलाइट विमानातून प्रशिक्षक वैमानिकासह उड्डाण करण्याची संधी छात्रांना मिळते. पण छात्र पुष्कळ आणि विमाने मोजकी. पाळी येईपर्यंत वाट पाहावीच लागते.

ही वाट पाहणे वाया जात नाही. हलक्या बाल्सा लाकडाचे विमान स्वतः तासून उडविणाऱ्या छात्राला गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर उमगते. नाक जड झाले की ते विमान सरळ मातीत जाते! हवामान, नौकानयनासारखेच आकाशातील मार्गनिर्णयाचे शास्त्र, इंजिनाची रचना हे विषयही असतात. कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर अशा पायऱ्या चढताना फितीबरोबर जबाबदारीही वाढते. शिबिरात सार्जंटने आपल्या तुकडीचे जेवण झाले की नाही हे पाहूनच स्वतःचे ताट घ्यावे, ही अपेक्षा असते. ज्याला हे ओझे वाटते, त्याने फितीचा मोह धरू नये.

शाळेत ‘अ’, महाविद्यालयात दोन वर्षांनी ‘ब’ आणि तिसऱ्या वर्षानंतर ‘क’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. पंचाहत्तर टक्के हजेरी व शिबिर यांतून सुटका नाही. हवाई विभागाचे ‘क’ प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पदवीधराला वैमानिक शाखेसाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. तो थेट निवड मंडळापुढे जातो. मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच. कला शाखा घेऊन मग हळहळणारे विद्यार्थी थोडे नाहीत. हा निर्णय दहावीनंतरच, घरात बसून करावा लागतो.

निवड मंडळापुढे प्रमाणपत्राचे काम दारापर्यंतच असते. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी मानसशास्त्रीय कसोट्या, गटकार्य आणि मुलाखत यांतून माणूस पारखला जातो. वैमानिकासाठीची अभियोग्यता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. तीत जो अपयशी ठरला, त्याला वैमानिक शाखेचे दार कायमचे बंद! बावीस वर्षांच्या तरुणाला हा आघात लहान नसतो. घरी परतल्यावर शेजारी काय म्हणतील, याचीच चिंता आईवडिलांनी वाहिली, तर तो अधिकच खचतो. तांत्रिक आणि ग्राउंड ड्यूटी शाखांची लेखी परीक्षा त्याला देता येते, हे त्या रात्री त्याला कुणीतरी सांगायला हवे. उडणाऱ्या प्रत्येक विमानामागे रडारवर डोळे लावून बसलेले आणि इंजिन तपासून सही करणारे अधिकारी असतात.

जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. त्यानंतर तरी ‘मुलीला शिबिराला कसे पाठवायचे’ हा प्रश्न घराघरांतून मागे पडायला हवा होता. तो अजून पुरता पडलेला नाही.