परक्या डोळ्यांची साक्ष

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परक्या देशात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला काय दिसते, ह्या विषयावर मी बोलावे अशी सूचना चिटणिसांनी केली, तेव्हा वकिलाचा ह्या विषयाशी संबंध तो काय, असे मला वाटले. परंतु थोडा विचार करता हा विषय माझ्याच धंद्यातला आहे असे ध्यानी आले. न्यायालयाचे सारे काम साक्षीवर चालते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी आणि कानांनी ऐकलेल्या गोष्टीची ऐकणाऱ्याने द्यावी, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. परक्या देशात नुकताच आलेला प्रवासी हा असाच एक साक्षीदार होय. त्याचा एक विशेष असा की, त्या देशातील माणसांना जे सवयीमुळे दिसेनासे झालेले असते, ते त्याला पहिल्याच दिवशी दिसते.

आपल्या देशात असे पुष्कळ साक्षीदार येऊन गेले. त्यांपैकी तिघांना मी आज तुमच्यापुढे उभे करणार आहे. त्यांची स्तुती करावी हा माझा हेतू नाही. त्यांची साक्ष तपासून घ्यावी, एवढाच हेतू आहे.

पहिला साक्षीदार मेगॅस्थेनीस. हा ग्रीक गृहस्थ इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सेल्युकस राजाचा वकील म्हणून चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी पाटलिपुत्रास आला. त्याने लिहिलेला मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. पुढच्या ग्रीक-रोमन लेखकांनी त्यातले जे उतारे घेतले तेवढेच आज उपलब्ध आहेत. तो सांगतो की, ह्या देशात कोणीही गुलाम नाही, सर्व माणसे स्वतंत्र आहेत. ही साक्ष खरी मानता येईल काय? नाही. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने सम्राट अशोकाने शिलालेखांतून दासांना आणि नोकरांना नीट वागवा असा उपदेश केला आहे. पाली वाङ्मयातही दासदासींचा उल्लेख जागोजाग येतो. दास होते, ते मेगॅस्थेनीसला दिसले नाहीत. कारण, गुलाम म्हणजे काय ह्याचे माप तो आपल्या देशातून घेऊन आला होता. त्या मापात येथील दास्य बसले नाही, म्हणून ते नाहीच असे त्याने ठरविले. नवख्या प्रवाशाची ही नेहमीची चूक आहे.

पण हाच साक्षीदार दुसरी एक गोष्ट सांगतो. येथील लोकांचे त्याने धंद्यांवरून सात वर्ग पाडले. ते सात वर्ग आपल्या शास्त्रांतील चार वर्णांशी जुळत नाहीत. परंतु ह्या वर्गांतील माणसाला आपल्या वर्गाबाहेर विवाह करता येत नाही आणि आपला धंदा बदलता येत नाही, हे मात्र त्याने अचूक टिपले. त्याला शास्त्रे ठाऊक नव्हती, जातींची नावे ठाऊक नव्हती. पण ह्या माणसांच्या मुली कोठे दिल्या जातात आणि कोठे दिल्या जात नाहीत, ते त्याने ओळखले. साक्षीदाराचे एक विधान चुकले म्हणून त्याची सारीच साक्ष फेकून देऊ नये, दाण्यापासून फोलपट वेगळे करावे, असे आपली न्यायालये सांगत आली आहेत. मेगॅस्थेनीसच्या साक्षीतला हा दाणा आपण जपून ठेवू.

दुसरा साक्षीदार फाहियान. हा चिनी भिक्षू. विनयपिटकाच्या चांगल्या प्रती चीनमध्ये मिळेनात, म्हणून साठीच्या आसपासच्या वयात, इ. स. ३९९ मध्ये, तो चांग-आन नगरातून चार सोबत्यांसह निघाला. वाटेत वाळवंट लागले. जनावर नाही, पाखरू नाही, आणि वाटेची खूण म्हणून मेलेल्या माणसांची हाडे. पुढे हिमाच्छादित पर्वत लागले. त्यांपैकी एका पर्वतात त्याचा सोबती हुइजिंग थंडीने त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावला. तो पर्वत ओलांडून हे भिक्षू पंजाबात उतरले, तेव्हा तेथील बौद्ध लोकांना त्यांच्याविषयी फार करुणा वाटली. इतक्या दूरच्या सीमेपलीकडची माणसे धम्मासाठी येथवर आली, ह्याचे त्यांना आश्चर्य वाटले आणि त्यांनी लागेल ते सर्व पुरविले. पुढे श्रावस्तीच्या जेतवनातही असेच घडले. प्रवासी यजमानाला पाहतो, तसाच यजमानही प्रवाशाला पाहत असतो. आणि पाहुण्याचे पहिले मत बहुधा ह्याच क्षणी बनते. फाहियानचा सोबती दाओझेंग मध्यदेशातील भिक्षूंचे शिस्तीचे आचरण पाहून इतका प्रभावित झाला की, तो येथेच राहिला, परत गेलाच नाही.

असा हा श्रद्धेने आलेला साक्षीदार. मथुरेच्या दक्षिणेस मध्यदेश सुरू होतो, तेथील आपले निरीक्षण तो सांगतो. हवा सौम्य आहे. लोक सुखी आहेत. राजा देहदंड देत नाही, अपराधाप्रमाणे दंडाची रक्कम घेतो. साऱ्या देशात कोणी जीवहत्या करीत नाही, मद्य पीत नाही, कांदा-लसूण खात नाही. येथे उलटतपासणी करणारा वकील त्याला थांबवील आणि विचारील, भन्ते, साऱ्या देशात? आपण किती घरे पाहिलीत? यात्रेकरूच्या भक्तीने येथे अतिशयोक्ती केली, हे उघड आहे.

परंतु त्याच ओघात तो म्हणतो की, ह्याला अपवाद चांडाळांचा. ते गावाबाहेर वेगळे राहतात. आणि नगराच्या वेशीतून किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटून आवाज करतात, म्हणजे लोकांना ते कळावेत आणि लोकांनी त्यांचा स्पर्श टाळावा.

बंधुभगिनींनो, ही साक्ष नीट तोलून पाहा. हा माणूस आपल्या देशाची निंदा करण्यास आलेला नव्हता. ही त्याची पुण्यभूमी होती. त्याला येथे सर्व काही चांगले दिसावे अशीच त्याची इच्छा होती. चांडाळांशी त्याचे नाते नव्हते, त्यांच्या शत्रूंशी वैर नव्हते. आपल्या कलाविरुद्ध जाणारी गोष्ट जेव्हा असा साक्षीदार सांगतो, तेव्हा तिला विशेष वजन येते. शिवाय त्या आवाजावर तो संताप करीत नाही, अश्रू ढाळीत नाही. हवा सौम्य आहे हे जसे सांगतो, तसेच हेही सांगतो. बाजारातल्या शेकडो आवाजांत तो एक आवाज येथल्या रहिवाशांच्या कानी पडत असेल, आणि रस्ता सोडून ते पुढे जात असतील. तो लिहून ठेवण्याजोगा आहे असे परक्या माणसाला वाटले.

तिसरा साक्षीदार ह्युएनत्संग. देशाबाहेर जाण्यास बादशाही मनाई असताना, इ. स. ६२९ च्या सुमारास, हा तरुण भिक्षू चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. बामियानच्या डोंगरात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिल्या. त्या २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या. लंपाक, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील लघमान, येथून भारत सुरू होतो असे तो मानतो, आणि तेथेच थांबून साऱ्या देशाचे सर्वसाधारण वर्णन देतो. रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. लोक जेवणापूर्वी हातपाय धुतात, उष्टे वाढीत नाहीत, मातीची व लाकडी भांडी एकदा वापरून टाकून देतात. ह्या स्वच्छतेचे त्याला फार कौतुक वाटले. आणि त्याच प्रकरणात तो लिहितो की खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे आणि झाडूवाले ह्यांच्या घरांवर खूण केलेली असते, त्यांना गावकुसाबाहेर राहावे लागते आणि गावात वावरताना त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते. स्वच्छतेची वाखाणणी आणि स्वच्छता करणाऱ्याची हकालपट्टी, अशा दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात आल्या आहेत. त्याने त्या जोडल्या नाहीत. ते काम त्याने आपल्यावर सोडले आहे.

पुढे तो आपल्या महाराष्ट्रातही आला. त्या वेळी येथे पुलकेशी राज्य करीत होता. येथील माणसे उंच, साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत व अपमान सहन करीत नाहीत, सूड घ्यावयाचा तर शत्रूला आधी इशारा देतात, असे तो म्हणतो. शंभराहून अधिक विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्षू येथे होते. पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या विहाराचे आणि त्याच्या दाराबाहेरील दगडी हत्तींचे त्याने वर्णन केले आहे. ते अजिंठ्याचे असावे असे विद्वान मानतात. बौद्ध धम्म महाराष्ट्राला परका आहे असे तुम्हांला कोणी म्हणाले, तर हा साक्षीदार पुढे करा. ह्याच प्रवाशांच्या नोंदी हाती घेऊन एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने विस्मृतीत गेलेली अनेक बौद्ध स्थळे शोधून काढली. आपल्या घरातील वस्तू आपल्याला पाहुण्याच्या दैनंदिनीवरून सापडावी, असाच हा प्रकार झाला.

आता ह्या साक्षी वाचाव्या कशा, ह्याचा धडा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिला आहे. अस्पृश्य मूळचे कोण, ह्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता केव्हा उत्पन्न झाली हे ठरविताना त्यांनी दोन्ही चिनी प्रवाशांना बोलाविले. फाहियानची साक्ष आपल्या बाजूची दिसते म्हणून त्यांनी ती डोळे झाकून स्वीकारली काय? नाही. त्यांनी शंका घेतली की, ही साक्ष केवळ चांडाळांविषयी आहे, आणि चांडाळांचे उदाहरण वेगळे आहे. तेवढ्यावरून सार्वत्रिक अस्पृश्यता सिद्ध होत नाही. ह्युएनत्संगाची साक्ष मात्र इतर जमातींविषयीही आहे, म्हणून ती अधिक महत्त्वाची. असे सर्व पुरावे तोलून त्यांनी अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या सुमारास झाला असे अनुमान काढले. त्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि असावेत. परंतु आपल्या बाजूच्या साक्षीदाराचीही उलटतपासणी करणे ह्यालाच न्यायबुद्धी म्हणतात, आणि ती बाबासाहेबांकडून आपण शिकली पाहिजे.

मेगॅस्थेनीसने बेटीव्यवहाराची कुंपणे पाहिली. फाहियानने वाटेवरचा लाकडाचा आवाज ऐकला. ह्युएनत्संगाने वेगळी वस्ती पाहिली. तिघे परके, तिघांच्या काळात शतकांचे अंतर. तरी त्यांच्या साक्षी एकत्र ठेवल्या की एकच इमारत उभी राहते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. वाटेवरचा तो आवाज सुमारे साडेपंधराशे वर्षांनी कायद्याने बंद झाला. वस्तीचे काय आणि बेटीव्यवहाराचे काय?

काही वर्षांपूर्वी केरळातील एक वकीलमित्र माझ्या गावी आले होते. आम्ही वेशीतून चालत घराकडे निघालो. पाच मिनिटे झाली नसतील, तोच त्यांनी विचारले, "तुमच्या गावातला सिमेंटचा रस्ता ह्या वळणावरच का संपतो?" मी थबकलो. त्या वळणापुढे आमची वस्ती आहे. त्या वळणावरून मी जन्मभर ये-जा केली, शहरात राहून इतरांच्या हक्कांसाठी अर्ज लिहिले. पण रस्ता तेथे संपतो हे मला दिसले नव्हते. त्या रात्री मी ग्रामपंचायतीस अर्ज लिहिला. पुढे दोन वर्षांनी रस्ता झाला. त्याचे श्रेय माझे नाही, परक्या डोळ्यांचे आहे.

दुसरा प्रसंग अधिक बोचरा आहे, पण तो सांगितलाच पाहिजे. आपल्याच एका मेळाव्यात, नुकत्याच धम्मात आलेल्या एका कुटुंबातील ताईंनी उभे राहून विचारले, "आपण सगळे बौद्ध. मग सोयरीक जुळवताना आमची आधीची जात का विचारता?" व्यासपीठावर आम्ही जुने लोक बसलो होतो. कोणीही उत्तर दिले नाही. नंतर एक वयोवृद्ध बाबा म्हणाले, "पोरी, तू नवीन आहेस, म्हणून तुला असं वाटतं." मला मात्र मेगॅस्थेनीस आठवला. त्या नवीन होत्या, म्हणूनच त्यांना ते दिसले. बावीस प्रतिज्ञा आम्हांला मुखोद्गत होत्या. ते कुंपण मात्र आमच्या नजरेतून निसटले होते.

म्हणून नव्याने आलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे. तुम्ही आज जे पाहता आहात ते लिहून ठेवा. येथे काय चांगले वाटले ते लिहा, काय खटकले तेही लिहा. दोन-तीन वर्षांत सवय होईल आणि मग ते दिसणार नाही. लिहिताना मी पाहिले काय आणि ऐकले काय, हे वेगळे ठेवा. एका घरावरून साऱ्या समाजाविषयी निकाल देऊ नका. फाहियानची ती चूक तुम्ही टाळा. मुलांनाही विचारा, कारण मुलांची नजर सर्वांत ताजी असते.

आणि आम्हां जुन्यांना माझे सांगणे एवढेच की, नव्या माणसाचा प्रश्न हा अपमान समजू नका. पंजाबातील त्या अनाम बौद्धांनी थकलेल्या भिक्षूंना प्रथम अन्न आणि आसरा दिला. त्या आदरातिथ्याची नोंद सोळाशे वर्षे टिकली आहे. आपल्या दारी आलेला माणूस आपल्याविषयी काय लिहून ठेवील, हे आपल्याच वागण्यावर अवलंबून आहे. त्या ताईंच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. पुढच्या पौर्णिमेस वधूवर सूचक मंडळाची बैठक आहे. पूर्वाश्रमीच्या जातीचा रकाना त्या छापील अर्जातून काढून टाकावा, असा ठराव मी तेथे मांडणार आहे. आपण सर्वांनी उपस्थित राहून आपले मत द्यावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जयभीम. नमो बुद्धाय.