समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण आणि आपली कुटुंबे
(फ्रीमाँट येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मुलाने संगणकशास्त्र किंवा वैद्यकशास्त्र घेतले की आपण पेढे वाटतो. परंतु समुपदेशन आणि कुटुंबोपचार या विषयात मास्टर्स करण्याचा विचार एखाद्या मुलीने बोलून दाखविला, तर घरात प्रश्न उभा राहतो: लोकांची दुःखे ऐकण्यासाठी विद्यापीठात कशाला जायचे? या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

हे शास्त्र आपल्या दाराशीच वाढले आहे. १९५६ हे वर्ष आपण धम्मदीक्षेचे वर्ष म्हणून जपतो. त्याच वर्षी पाच गावे एकत्र येऊन आपले फ्रीमाँट शहर झाले. आणि त्याच वर्षी, खाडीपलीकडे पालो आल्टो परिसरात काम करणारे ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन व त्यांचे सहकारी यांनी मनोविकाराचा विचार कुटुंबातील परस्परसंवादाच्या अंगाने करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाच्या कारणाविषयीचे त्यांचे अनुमान पुढे टिकले नाही. परंतु माणसाला त्याच्या कुटुंबासह समजून घेण्याची दृष्टी टिकली. साल्वादोर मिनुचिन यांनी तर न्यू यॉर्कमधील गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन, कुटुंबांत काम करूनच आपली पद्धत घडविली. तेव्हा ही श्रीमंतांची करमणूक आहे, हा समज आपण सोडून द्यावा.

हे शिक्षण सोपे नाही. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंबोपचारतज्ज्ञाचा परवाना मिळवायचा तर प्रथम मास्टर्स पदवी लागते. त्यासोबत किमान १०४ आठवड्यांत विभागलेले ३००० तासांचे पर्यवेक्षित काम करावे लागते, आणि त्यातील किमान ५०० तास जोडपी, कुटुंबे व मुले यांच्यासाठी द्यावे लागतात. याखेरीज कायदा व नीतिनियमांची एक आणि उपचारविषयक एक, अशा दोन परीक्षा असतात. जवळच्या हेवर्ड येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, ईस्ट बे येथे समुपदेशनाची मास्टर्स पदवी घेता येते. ऐकणे हीदेखील विद्या आहे आणि ती तपासून घेतली जाते, एवढे यावरून ध्यानात यावे.

या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला पुष्कळदा स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा आलेख काढावयास सांगतात. त्यात जन्म, विवाह, मृत्यू, स्थलांतर, तसेच दुरावे आणि जवळीक खुणांनी दाखवितात. आपल्या मुलांनी हा आलेख काढला तर त्यात काय येईल? आजोबांनी घेतलेली दीक्षा, बदललेले आडनाव, सोडलेले गाव. आणि त्याशेजारी एक रिकामी जागा: शेजारच्या भारतीय कुटुंबाने मूळ गाव विचारले की आईवडील विषय का बदलतात, याचे मुलांना कधीच न मिळालेले उत्तर. आपण मुलांना यातनांपासून वाचविण्यासाठी गप्प राहतो. मुले मात्र त्या मौनाचा अर्थ आपल्या परीने लावतात, आणि तो बहुधा लाजेचाच लावतात.

विवाहाच्या प्रश्नी हे मौन अधिक जड होते. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, असे दाखविले. जात विवाहात राहत असेल, तर विवाह आणि कुटुंब यांवर उपचार करणाऱ्याला जात ठाऊक नसून कसे चालेल? मुलाकडच्यांनी आडनाव कळल्यावर संबंध तोडला, अशी व्यथा घेऊन मुलगी समुपदेशकाकडे गेली आणि त्याने ती केवळ दोन पिढ्यांमधील मतभेद म्हणून नोंदविली, तर दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होईल.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. आपली मुलगी समुपदेशक झाली म्हणजे ती आपल्याच संघटनेतील घरांचे तंटे सोडवील, असे नाही. नातलग, मित्र व निकटचे परिचित यांच्यावर उपचार करणे व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. शिवाय तिच्याकडे आलेल्या माणसाची गोष्ट ती आपल्याला सांगणार नाही. बालकाचा छळ किंवा जिवास गंभीर धोका यांसारख्या कायद्याने ठरविलेल्या प्रसंगांपुरताच गुप्ततेला अपवाद आहे. मग समाजाला तिचा उपयोग काय? उपयोग हा की, ती वर्गात बसेल तेव्हा जातीचा प्रश्न वर्गात येईल. ती पुढे पर्यवेक्षक होईल तेव्हा तिच्या हाताखाली शिकणाऱ्या परक्या मुलामुलींनाही आपले दुःख ओळखता येईल. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. नियमाने तक्रारीला दार मिळाले. पण मनातले बोलण्यासाठी जाणते कान लागतात, आणि ते धोरणाने तयार होत नाहीत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. ज्या मुलामुलींचा ओढा या विद्येकडे आहे, त्यांना अडवू नका. कमाई अभियंत्याइतकी नसेल आणि परवान्याला वर्षे लागतील, हे मान्य करूनच त्यांच्या पाठीशी उभे राहा. आणि तोवर निदान आपल्या घरात, आपल्या मुलांसमोर, तो तीन पिढ्यांचा आलेख आपणच भरावयास बसा. रिकामी जागा रिकामी ठेवू नका. ज्यांनी ती वाट चालून आपल्याला येथवर आणले, त्यांची नावे तिथे अभिमानाने लिहा.

जय भीम!